पहिली तपासणी

रात्री उशिरा हवालदार किंवा १०९८ या बालमदत क्रमांकाचा कार्यकर्ता एखाद्या मुलाला घेऊन कॅज्युअल्टीत येतो. त्याला हवा असतो ‘फिट’ असा शेरा. तो मिळाला की बालगृहाचे दार उघडते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे २४ तासांत मूल बालकल्याण समितीपुढे हजर करायचे असते, म्हणून त्याची घाई समजू शकते. डॉक्टरच्या घाईला मात्र तसे कारण नाही. तात्पुरत्या निवाऱ्यातले मूल आठवडाभरात घरी, दुसऱ्या संस्थेत किंवा थेट परराज्यात गेलेले असू शकते. आज पाहायचे राहिले ते पुढे कोण पाहणार?

सगळ्यात धोक्याची गोष्ट तपासून नव्हे, विचारून सापडते: बंद पडलेले औषध. फलाटावर सापडलेल्या मुलाच्या खिशात गोळ्यांची पट्टी नसते. आकडीची गोळी अचानक सुटली, तर न थांबणारी आकडी येऊ शकते. इन्सुलिन, एचआयव्हीची औषधे, विदर्भ-नंदुरबारकडच्या मुलांची सिकलसेलची गोळी, हीसुद्धा अशीच तुटतात. ‘काही आजार आहे का?’ याला मूल हमखास ‘नाही’ म्हणते. ‘रोज कुठली गोळी घ्यायचास? कोण द्यायचं?’ असे विचारा. आठ-नऊ वर्षांचे मूल गोळीचा रंगच काय, ती मिळायची त्या दवाखान्यासमोरचे रसवंतीगृहही सांगते.

जेवणाबद्दल बालगृहातल्या ताईंशी बोलावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर मायेने वाढलेले भरगच्च ताट पहिल्याच रात्री जिवावर बेतू शकते. थोडे थोडे, दर दोन तासांनी द्यायचे. साखर उतरलेली नाही ना, अंग गार पडलेले नाही ना, हे बघत राहायचे. लसीकरणाचे कार्ड नसेल तर लस झालेली नाही असे धरून चालावे. गोवर-रुबेलाचा एखादा डोस जास्त झाला म्हणून काही बिघडत नाही.

लैंगिक अत्याचाराचा संशय असताना तातडीच्या उपचारासाठी पोलिसांचे पत्र मागणे पॉक्सो नियमांत बसत नाही. तरी ‘आधी पत्र आणा’ अजून ऐकू येते, हे संतापजनक आहे.

आणि वय. केसपेपरवर ‘अंदाजे १५’ असे सहज लिहू नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, नंतर जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तेव्हाच समितीच्या किंवा बाल न्याय मंडळाच्या आदेशाने वैद्यकीय चाचणी. आपण ठोकून दिलेला आकडा नोंदवहीत उतरतो आणि मुलाला चिकटतो. ‘मुलाने सांगितलेले वय’ एवढेच लिहिणे पुरे.

‘फिट’च्या जागी वजन, हिमोग्लोबिन, दिलेली लस, औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये आणि पुढची तारीख एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात. एक प्रत अधीक्षकांच्या फायलीत, दुसरी मुलाला घेऊन जाणाऱ्याच्या हातात. बदलीच्या आदेशासोबत समितीने ही दुसरी प्रत मागायला सुरुवात केली, तर डॉक्टरही ती लिहू लागतील.