जुन्या बंगल्यावर मजला चढवताय? आधी पाया उकरून पाहा

थोरल्याचे लग्न ठरले, की घरात विषय निघतोच: वर दोन खोल्या काढायच्या. पुण्यात एरंडवणे, डेक्कन जिमखाना या भागांत गेल्या शतकाच्या तिशी-चाळिशीतले बंगले अजून उभे आहेत. पुढे व्हरांडा, मधे दिवाणखाना, डोक्यावर मंगलोरी कौले. घर बांधले एका कुटुंबासाठी, आता त्यात तिसरी पिढी नांदते. मग दोनच वाटा सांगितल्या जातात. बंगला बिल्डरला द्या, नाहीतर कौले उतरवून स्लॅब टाका. पहिल्या वाटेने बंगला लगेच जातो. दुसरीने पुष्कळदा हळूहळू, भिंतींना तडे जात जात. माझे सांगणे तिसऱ्या वाटेबद्दल आहे. वर हलके बांधा, मागच्या बाजूला बांधा आणि त्याचा भार शक्यतो जुन्या भिंतींवर टाकू नका.

सगळा प्रश्न वजनाचा आहे, म्हणून आकडे बघा. हजार चौरस फुटांच्या छपराला कौले आणि रिपा धरून साधारण सहा-सात टन वजन असते. तेवढ्याच जागेवर पाच इंची स्लॅब टाकला, तर नुसता स्लॅबच 29 टनांच्या आसपास जातो. फरशी, भिंती, वरचे छप्पर हे सगळे त्यानंतर. माणसे आणि सामान यांच्यासाठी इंजिनिअरला चौरस मीटरमागे 200 किलो धरावे लागतात, म्हणजे आणखी अठरा-एकोणीस टन. नऊ इंची विटांची, तीन मीटर उंचीची भिंत धावत्या मीटरला सव्वा ते दीड टन भरते. गच्चीवर हजार लिटरची टाकी ठेवली, की एक टन पाणी नेमके एखाद्या कोपऱ्यावर बसते. भिंत रुंद आणि मजबूत दिसते, म्हणून ती एवढे सगळे पेलेल असे समजू नका.

कारण भिंतीच्या पोटात काय आहे, ते बाहेरून कळत नाही. जुन्या दगडी भिंतीला बऱ्याचदा दोन तोंडे असतात आणि मधे चुरा-माती भरलेली असते. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले, तर हादऱ्यात तोंडे एकमेकांपासून सुटतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हेच घडले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावर मातीची जड छपरे. पुण्याच्या बंगल्याची बांधणी त्याहून पुष्कळ चांगली, चुन्यात आणि विटांत केलेली असेल. तरीही डोक्यावर जड आणि खाली न बांधलेले, असे घर भूकंपात वाईट वागते, हा नियम त्यालाही लागू आहे. कोयनेचा 1967 चा धक्का पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

काही बंगल्यांना मुळातच आरसीसी स्लॅब आहे, गोलाई दिलेल्या बाल्कन्या आणि लांब छज्जे असलेले ते बंगले. तिथे मालक निर्धास्त असतात. पण तो स्लॅब गच्चीचा म्हणून टाकलेला असू शकतो, राहत्या मजल्याची जमीन म्हणून नव्हे. शिवाय ऐंशी पावसाळ्यांत आतल्या सळईला गंज चढलेला असू शकतो. प्लॅस्टर फुगले असेल, तांबूस डाग दिसत असतील, तर आधी त्याचीच तपासणी करून घ्या.

‘आजोबांनी पाया दोन मजल्यांचा घातलाय’ हे वाक्य जुन्या घराघरांतून ऐकू येते. असेलही तसे. पण ते कागदावर नसेल, तर खड्डा खणून पाहणे एवढाच मार्ग आहे. भिंतीलगत दोन-तीन ठिकाणी लहान खड्डे घ्या आणि पाया किती खोल गेलाय, किती रुंद आहे, कशावर टेकलाय ते इंजिनिअरला स्वतः पाहू द्या. मुरूम किंवा कातळ लागला तर बरे. काळी माती लागली तर सावध व्हा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतीला दरवर्षी थोडे हलवते. हे काम पावसाळ्याआधी करा, खड्डे फार दिवस उघडे ठेवू नका आणि एकाच भिंतीची लांबच्या लांब बाजू एकदम उकरू देऊ नका.

पाया आणि भिंती तपासल्यावर इंजिनिअर बहुधा दोनपैकी एक सांगेल. भिंती चांगल्या असतील, तर नव्या मजल्याच्या पातळीवर सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा काँक्रीटचा पट्टा घालून त्यावर हलकी जमीन करता येईल. जुन्या इमारती भूकंपासाठी सशक्त कशा कराव्यात यावर आयएस 13935 हे भारतीय मानक आहे. तुमच्या इंजिनिअरला त्याची माहिती आहे का, हे संकोच न करता विचारा. भिंतींचा भरवसा नसेल, तर वरच्या मजल्याला लोखंडाचे स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया द्यावा लागेल. मला ही दुसरी रीत अधिक पटते. यात जुने घर आपले वजन आपण सांभाळते, नवे आपले. दोघांमध्ये थोडी फट ठेवावी लागते, कारण हादऱ्यात दोघे वेगवेगळे डोलतात. आणि उद्या पुढच्या पिढीला वरचे नको झाले, तर ते काढून घेता येते. मूळ बंगला शाबूत राहतो.

वरच्या भिंती एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या केल्या, तर तेवढ्याच उंचीची सहा इंची भिंत मीटरला तीनशे किलोच्या आसपास येते, गिलावा वेगळा. छप्पर हलकेच ठेवा, पण वाऱ्याने उचलले जाणार नाही असे घट्ट बांधून घ्या. जुनी मंगलोरी कौले फेकू नका. चांगली निवडून पुन्हा चढवता येतात. टाकी नव्या खांबांवर ठेवा. न्हाणीघर खालच्या न्हाणीघरावरच काढा, म्हणजे पाइप जुन्या भिंती फोडत फिरणार नाहीत. आणि वर मजला चढत असताना खाली ‘ओपन किचन’साठी भिंत पाडायचे कोणी सुचवले, तर तिथेच थांबा. वरून भार वाढतो आहे आणि खालून आधार काढला जातो आहे.

जिन्याचा विचार लोक शेवटी करतात. तो सगळ्यात आधी करायला हवा. जुन्या घराची उंची बारा फूट असेल, तर साडेसहा इंचांच्या बावीस पायऱ्या लागतात. दुमडून घेतला तरी जिना तळमजल्याची ऐंशीएक चौरस फूट जागा खातो. ती दिवाणखान्यातून काढली, तर मधला दिवाणखानाच मोडतो. मागच्या अंगणात, भिंतीच्या बाहेर पण छपराखाली जिना घेता येतो का, ते पाहा.

दिसण्याबद्दल माझे मत ठाम आहे. नवा मजला रस्त्यावरून दिसू नये, किंवा अगदी थोडा दिसावा. समोरच्या फूटपाथवर उभे राहा, डोळ्यांपासून पुढच्या आढ्यापर्यंत सरळ रेष धरा आणि ती तशीच मागे वाढवा. तिच्या खाली जे राहील ते झाकले जाते. नकाशा पक्का करण्याआधी बांबू उभे करा, खऱ्या उंचीवर दोरी ताणा आणि घरच्यांना घेऊन बाहेरून बघा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. खिडक्यांची उभट ठेवण आणि छपराचा उतार जुन्याशी जुळू द्या, पण खोटी नक्षी चिकटवून जुनेपणाचे सोंग आणू नका.

परवानगीशिवाय वीट ठेवू नका. बंगला महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, ते आधी विचारा. पाताळेश्वर किंवा शनिवारवाडा यांसारखे केंद्र-संरक्षित स्मारक जवळ असेल, तर पहिल्या 100 मीटरमध्ये नवे बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी इथे पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्राचे नियम वेगळे. जमीन सोसायटीची असेल किंवा सातबारा, प्रॉपर्टी कार्डावर भावंडांची नावे असतील, तर त्यांची संमती लेखी घ्या.

एक प्रश्न मात्र इंजिनिअर विचारणार नाही, तो घरात बसून तुम्हीच विचारा: पूर्ण मजला खरोखर हवा आहे का? एका जोडप्याला एक खोली आणि न्हाणीघर पुरणार असेल, तर मागच्या अर्ध्या भागावर तेवढेच बांधा. किंवा परसात जागा असली, तर तिथे वेगळी खोली काढा आणि कौलांना हातही लावू नका.

तुमच्या बंगल्याचा पाया, भिंती आणि नवा भार यांचा हिशेब सहीनिशी लिहून देणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर शोधा. त्याची फी संपूर्ण कामाच्या मानाने थोडी असते. तो कागद हातात येईपर्यंत एकही कौल खाली उतरवू देऊ नका, ही विनंती.