बशीतला रंग उडाला म्हणजे औषध सापडले असे नव्हे

संपादक महोदय,

समुद्री शैवाल, लसूण आणि हळद यांना प्रतिजैविकांचा 'पर्याय' ठरवणारा लेख या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीत वाचला आणि संताप आला. त्यातले संशोधन खरे आहे. वाचकाच्या गळी उतरवलेला निष्कर्ष खोटा आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. लेखात वर्णिलेली चाचणी आमचे विद्यार्थीही करत. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत गडद जांभळा वाढतो. वनस्पतीच्या अर्कात भिजवलेली कागदी चकती त्यावर ठेवली की दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती फिके कडे दिसते. पण ते कडे नीट पाहावे. ते पारदर्शक नसते, दुधी असते. म्हणजे जिवाणू तिथे जिवंतच असतात, वाढतही असतात. आपसातले रासायनिक निरोप अडल्यामुळे फक्त रंग तयार करत नाहीत. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रुग्णाला एवढ्याने काय होणार?

ज्या शैवालाचे लेखात एवढे कौतुक आहे, त्या ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील डेलिसिया पुल्क्राचे गुण सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले. त्यातली फ्युरॅनोन द्रव्ये जिवाणूंचे निरोप अडवतात, म्हणून शैवालाच्या अंगावर जिवाणूंचा चिकट थर साचत नाही. तेव्हापासून आजवर त्यातून रुग्णाला देण्याजोगे एकही औषध निघालेले नाही, कारण ही द्रव्ये आपल्या पेशींनाही घातक ठरतात आणि पाण्यात लवकर विघटित होतात. हे लेखात का नाही? लसणाचेही तेच. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांवर इंग्लंडमध्ये लसणाची चाचणी झाली, २०१० साली ती प्रसिद्ध झाली. निष्कर्ष काढता आले ते अवघ्या २६ जणांवरून, आणि ठोस फरक दिसला नाही. सव्वीस रुग्ण! एवढ्या बळावर आपण कोट्यवधी वाचकांना 'पर्याय' कसा सांगता?

आमच्या गल्लीतल्या एका मधुमेही गृहस्थांनी असेच एक कात्रण जपून ठेवले होते. पायाच्या जखमेत हळद भरली, गोळ्या बंद केल्या. जखमेवर बुळबुळीत पिवळट थर धरला, आत पू साचत गेला, आणि शेवटी अंगठा काढावा लागला. असा थर डॉक्टरांना खरवडून काढावा लागतो, कारण त्याच्या आत प्रतिजैविकांचाही प्रभाव फारसा पडत नाही.

आणि प्रतिजैविकांचा विषय निघालाच आहे, तर औषध दुकानांकडेही पाहा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असे सांगणारी लाल रेघ पाकिटावर असूनही चिठ्ठीशिवाय दोन-चार गोळ्या कापून सर्रास दिल्या जातात. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली. तरी पुरवणीत यावर अवाक्षर नाही.

शैवालावर जरूर लिहा, संशोधकांना पैसा मिळावा म्हणून आग्रहही धरा. मात्र यापुढे अशा प्रत्येक लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात प्रयोग बशीत झाला, उंदरावर झाला की माणसांवर, आणि माणसांवर असेल तर किती जणांवर, हे छापावे, ही कळकळीची विनंती.

– सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली