पदव्युत्तर विद्यार्थ्याने दाद मागावी ती कोणाकडे?

पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलावर अडचण आली, तर ती बहुधा त्याच्या एकट्याची नसते. निकाल रखडला तर हजारोंचा रखडतो, बोभाटा होतो, वर्तमानपत्रे लिहितात. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत आणली आणि निकालांचा जो खोळंबा झाला, तो पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची अनेक कुटुंबे अद्याप विसरलेली नाहीत. कुलपती या नात्याने राज्यपालांनी घातलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले.

पीएच.डी. करणाऱ्या किंवा एम.ए., एम.एस्सी.चा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे दुखणे निराळे असते. ते एका खोलीत, दोन माणसांमध्ये घडते. मार्गदर्शक महिनोन्‌महिने प्रकरण वाचून देत नाहीत, फेलोशिपच्या कागदावर सही लांबते, संशोधनाशी संबंध नसलेली कामे अंगावर पडतात. बोलावे तर ज्यांच्याविरुद्ध बोलायचे, त्यांचीच सही उद्या प्रबंधावर हवी. म्हणून विद्यार्थी गप्प बसतो आणि घरचे म्हणतात, ‘अजून किती वर्षे?’

नियम नाहीत, असे मात्र नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएच.डी.चे नवे नियम लागू केले. त्यांनुसार अभ्यासक्रमाचा काळ किमान तीन व कमाल सहा वर्षे असून, पुनर्नोंदणीने तो आणखी दोन वर्षे वाढू शकतो. महिला संशोधकांना त्यावर अधिकची सवलत आहे. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. आपल्यातील किती लेकी-सुनांना हे ठाऊक असेल? प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी आणि समितीच्या शिफारशींची प्रत त्याला मिळावी, असाही नियम आहे. तथापि या समितीचे निमंत्रक स्वतः मार्गदर्शकच असतात! त्यामुळे मार्गदर्शकांविषयीच गाऱ्हाणे असेल, तर तेथे ते निघणे अवघड.

अशा वेळी एप्रिल २०२३ पासून लागू झालेले विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम उपयोगी पडतात. प्रत्येक संस्थेत प्राध्यापकांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. विद्यार्थ्याचा एक प्रतिनिधी तेथे विशेष निमंत्रित म्हणून बसतो. शिष्यवृत्तीला विलंब, निकालाला उशीर, अपारदर्शक मूल्यमापन, छळ, किंवा फी वसूल करण्यासाठी मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवणे, हे सारे तक्रारीचे विषय ठरतात. समितीने न्याय दिला नाही, तर पंधरा दिवसांच्या आत लोकपालांकडे अपील करता येते. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात. केवळ पुन्हा गुणदान करा, अशी मागणी ते ऐकत नाहीत. मूल्यमापनात ठोस गैरप्रकार किंवा भेदभाव दाखवावा लागतो.

आमच्या मते या व्यवस्थेत दोन उणिवा आहेत. पहिली, समितीतील सारे सदस्य त्याच संस्थेचे. लहानशा विभागात सगळेच एकमेकांचे सहकारी. उद्या एकाच टेबलावर चहा घ्यायचा असताना आज सहकाऱ्याविरुद्ध लिहायचे कोणी? दुसरी उणीव वेळेची. संकेतस्थळावर आलेली तक्रार समितीकडे धाडण्यास पंधरा दिवस, समितीला शक्यतो कामाचे पंधरा दिवस, अपिलाला पंधरा, लोकपालांना तीस. सारे वेळेवर घडले तरी अडीच महिने सहज जातात. प्रबंध सादर करण्याची मुदत तोंडावर असेल, तर हे अडीच महिने म्हणजे एक सत्र हातचे जाणे होय. त्यात लोकपालच नेमलेले नसतील तर? जून २०२४ मध्ये आयोगाने लोकपाल न नेमणाऱ्या १५७ विद्यापीठांची यादीच जाहीर केली होती. नियम होऊन तोवर वर्ष उलटले होते.

तरीही अन्याय सोसत राहण्यापेक्षा हा मार्ग बरा, असे आम्हांस वाटते. मात्र त्याची तयारी तक्रारीच्या आधी सुरू व्हावी. मार्गदर्शकांशी झालेले बोलणे त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या ई-मेलने त्यांना कळवावे: ‘आज आपण अमुक सुचविले, मी तमुक तारखेपर्यंत देतो.’ यात उद्धटपणा नाही, आणि कित्येकदा एवढ्यानेच काम हलते. विभागप्रमुखांना भेटण्यापूर्वी अर्जाची पोच घेण्याची सवय लावावी. उत्तरपत्रिका पाहायची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानुसार माहिती अधिकारात ती पाहता येते.

लैंगिक छळाची बाब या सर्वांहून वेगळी आहे. तिच्यासाठी २०१३ च्या कायद्यानुसार व आयोगाच्या नियमांनुसार स्वतंत्र अंतर्गत समिती असते आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. ‘आधी प्रबंध होऊ दे, मग पाहू’ असा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही मुदत ध्यानात ठेवावी.

लोकपालांपुढे विद्यार्थ्याने एकट्यानेच उभे राहावे, असे बंधन नाही; आपल्या वतीने बोलण्यासाठी तो प्रतिनिधी नेमू शकतो. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त प्राध्यापक, मुख्याध्यापक, वकील यांची वानवा नाही. अर्ज मुद्देसूद लिहून देणे, तारखा लावून कागद जुळवणे एवढे जरी त्यांनी केले, तरी घरातला पहिलाच पदवीधर असलेल्या मुलाला किंवा मुलीला मोठा हात मिळेल. आणि कोणी खचलाच असेल, रात्रीची झोप उडाली असेल, तर शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतून बोलता येते.