मोटार बाजूला, घर आधी

शहरात फ्लॅट, खाली पार्किंगमध्ये बॅटरीवर चालणारी कॅम्परव्हॅन आणि सुट्टी मिळाली की घरासकट प्रवास, ही कल्पना आता आपल्याकडे नवखी राहिलेली नाही. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याच वर्षी इलेक्ट्रिक वाहनांचेही धोरण आले. परळीचे वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, सौताड्याचा धबधबा, कपिलधार ही ठिकाणे एखाद्या रात्रीच्या मुक्कामाला साजेशीच आहेत. तेव्हा अशा गाड्या बांधण्याचे काम बीड जिल्ह्यातल्या बॉडीबिल्डरांनी, वेल्डरांनी आणि वायरमननी का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. काम जरूर घ्यावे. पण त्याआधी या गाडीचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. तो मांडला की कळते, विजेच्या कॅम्परव्हॅनमध्ये महाग आणि अवघड आहे ती मोटार; घर स्वस्त आहे आणि सोपे आहे. आणि फिरत्या घराची ज्याला खरी निकड आहे, तो माणूस धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवर राहतो.

हिशेब असा. टाटाची एस ईव्ही 2022 मध्ये आली, ती आपल्या सर्वांच्या परिचयाची. तिची बॅटरी 21.3 युनिटची, कंपनीने दिलेला पल्ला 154 किलोमीटर आणि वजन वाहण्याची मर्यादा 600 किलो. या आकड्यांनी पाहिले तर एका किलोमीटरला सुमारे 140 वॉट-तास वीज लागते. भरलेल्या गाडीला आणि घाटाच्या रस्त्याला त्याहून जास्त. पुण्याहून बीड अडीचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे वाटेत किमान एकदा गाडी चार्जिंगला लावायची, परतताना पुन्हा तेच. शंभर लिटर पाण्याचे शंभर किलो, तीन-चार माणसांचे दोनशे-अडीचशे, मग पलंग, कपाटे, शेगडी यांना जेमतेम अडीच-तीनशे किलो उरतात. त्यात कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले की कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल केलेली गाडी नोंदणीला चालणार नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळे मानक आहे. तालुक्याच्या वर्कशॉपने एखाद्या मालवाहू गाडीत गाद्या टाकून दिल्या, असे या व्यवसायात चालत नाही. आता त्याच गाडीतल्या घराला किती वीज लागते ते पाहू. सात वॉटचे तीन दिवे पाच तास, तीस वॉटचा बीएलडीसी पंखा दहा तास, चार मोबाइल: सगळे मिळून अर्धा युनिट. गाडी तीन-चार किलोमीटर पळायला जेवढी वीज खाते, तेवढ्यात एका कुटुंबाची रात्र निघते. बाकीची सगळी बॅटरी, तिची किंमत आणि तिचे वजन हे केवळ घर हलवण्यासाठी आहे, आणि शहरातल्या मालकाचे घर वर्षातले बहुतेक दिवस हलतच नाही.

बीडमध्ये मात्र घर दर वर्षी हलते. दसरा झाला की ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरतात. पीठ, भांडी, गोधड्या, शेळी, लेकरे घेऊन ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूर, सातारा आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततात. मधले पाच-सहा महिने संसार कोपीत. बांबू, चटई आणि ताडपत्रीची ही खोपटी, वाकून आत जायचे, दार म्हणजे एक फडके. पहाटे फडात जायचे, रात्री गाडी भरायला उठायचे, मोबाइल गावातल्या दुकानात पैसे देऊन चार्ज करायचा आणि बायकांनी अंघोळीला अंधाराची वाट पाहायची. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 2019 च्या अहवालात जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे खाड्याचा, म्हणजे काम बुडवल्याचा, दंड आहे, अंगावर काढलेले आजार आहेत, शस्त्रक्रियेची घाई करणारे दवाखाने आहेत. एका न्हाणीने सुटणारा हा प्रश्न नाही. पण महिन्यातल्या त्या चार दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, उजेड नाही, ही आजाराची एक सुरुवात आहे, आणि तेवढी सुरुवात आपल्या हातातल्या कामाने रोखता येते.

म्हणून सुचवायचे ते हे: कॅम्परव्हॅनमधली मोटार वगळा आणि घर ठेवा. ओढायला ट्रॅक्टर आहेच. पण ट्रॉलीवर घर कायमचे बसवता येणार नाही, कारण हंगामात तीच ट्रॉली ऊस वाहते. तेव्हा एका कोयत्याला, म्हणजे तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, एक अशी घडीची खोली हवी: दहा फूट बाय सहा फूट तळ, भिंती बिजागरीने तळावर आडव्या पडणाऱ्या, घडी घातल्यावर उंची फूट-सव्वाफूट. म्हणजे एका ट्रॉलीत चार-पाच घरे रचून जातील, अड्ड्यावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामाच्या जागी, उतरवली की चार स्क्रू-जॅकवर उभी राहतील आणि ट्रॉली फडाकडे मोकळी. अशी खोली वाहनाचा भाग नसून बांधून नेलेला माल आहे, त्यामुळे नोंदणीतला गुंता बराच टळतो. अर्थात माणसे त्या ट्रॉलीवर बसता कामा नयेत. घर ट्रॉलीतून जाईल, कुटुंब बसने जाईल, हे मुकादमाशी आणि कारखान्याशी आधीच ठरले पाहिजे. 25 मिलिमीटर चौकोनी, 1.6 मिलिमीटर जाडीच्या पाइपचा सांगाडा धरला तर मीटरला सव्वा किलोच्या आत बसतो. भिंतीचे पॅनेल, प्लायचा तळ आणि जॅक धरून एकूण वजन साडेचारशे-पाचशे किलोच्या आसपास राहते. कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फुटांची बंद न्हाणी, तिला आतून कडी, वर दिवा आणि खाली निचऱ्याची नळी. ही न्हाणी पैसे वाचवायला काढून टाकण्याचा मोह होईल. ती काढली तर उरलेल्या खोलीला फारसा अर्थ नाही.

पॅनेलबाबत इथे थोडे थांबावे लागेल. बाजारात पीयूएफचे पॅनेल हलके मिळते आणि आपल्यापैकी अनेकांचा हात त्यावर बसलेला आहे. पण अड्ड्यावर सगळीकडे पाचट, दाराशी चूल आणि आत झोपलेली लेकरे असतात. पीयूएफ पेटला की विषारी धूर सोडतो. रॉकवूलचे पॅनेल जड पडते, तरी तेच घ्यावे आणि चूल बाहेर पत्र्याच्या छपराखाली ठेवावी. विजेचेही तसेच. 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी सव्वा युनिट साठवते, म्हणजे दोन दिवसांची बेगमी. 150 वॉटची सोलर पाटी आपल्या हिवाळ्याच्या उन्हात दिवसाला अर्धा-पाऊण युनिट देते, धूळ आणि राख पुसत राहिले तर. जुन्या स्कूटरच्या पॅकमधले सेल काढून जोडणे स्वस्त पडते, आणि ते करू नये. बॅटरी झोपायच्या खोलीबाहेर, हवेशीर लोखंडी पेटीत, बीएमएससह बसवावी आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाशीच द्यावा. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या गाडीत एखादी वायर तापली तर तो फोन करून बोलावतो. अड्ड्यावरच्या कुटुंबाजवळ बोलवायला वायरमन नसतो.

पैसे कोण देणार, हा पहिला आक्षेप, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मजुराने तर अजिबात देऊ नयेत. ही खोली उचलीत, म्हणजे मजुराने आगाऊ घेतलेल्या रकमेत, धरली गेली तर कर्जाच्या साखळीला आपणच आणखी एक कडी वेल्ड करून दिल्यासारखे होईल. कोपीचे बांबू आणि चटया आजही अनेक ठिकाणी कारखानाच देतो, तेव्हा खोलीही कारखान्याच्या मालकीची असावी. दुसरा झरा म्हणजे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ. गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढीच भर सरकारची, अशी त्याच्या निधीची रचना आहे. राज्याचे गाळप दहा कोटी टन धरले तर कारखान्यांचा वाटाच शंभर कोटी रुपये होतो. त्यातून सगळ्यांची घरे एका वर्षात होणार नाहीत. एका तालुक्याच्या टोळ्यांची नक्की होतील.

हार्वेस्टर येत आहेत, मग तोडणी मजूरच राहणार नाहीत, असेही म्हटले जाईल. हार्वेस्टरला अनुदान आहे आणि यंत्रे वाढतीलही. पण लहान तुकडे, अरुंद सऱ्या आणि ओल्या रानात आजही कोयताच चालतो, आणि जे हंगाम अजून यायचे आहेत त्यांत कोपीत झोपणारे मूल आज जन्मलेले आहे. कायमच्या निवाऱ्याची मागणी करणाऱ्यांचे म्हणणे जास्त गांभीर्याने घ्यायला हवे. संत भगवानबाबा वसतिगृहांमुळे काही मुले गावी थांबून शिकू शकतात, आणि मुलांसाठी तोच मार्ग योग्य आहे. मोठ्यांचा अड्डा मात्र कारखान्याच्या गरजेनुसार एका हंगामातही जागा बदलतो. तिथे पक्की चाळ बांधली तर ती उसापासून दूर पडते आणि टोळी पुन्हा ताडपत्री ताणते.

शहरातल्या कॅम्परव्हॅनचे काम यामुळे बुडत नाही. हीच खोली, हेच वायरिंग, हीच वजनाची शिस्त उद्या नोंदणीकृत कॅराव्हॅन बांधताना कामी येईल, आणि शंभर खोल्या बांधलेला कारागीर एक गाडी बांधलेल्यापेक्षा बरा ठरेल. पुढच्या दसऱ्याआधी नमुना उभा राहायचा तर मापे आत्ताच हवीत. कारखान्यागणिक ट्रॉलीची रुंदी, फाळक्याची उंची आणि डबल ट्रॉलीतल्या मागच्या ट्रॉलीचा जोड वेगळा असतो. आपल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेल्या ट्रॉलीची फाळक्याच्या आतली लांबी-रुंदी आणि कारखान्याचे नाव लिहून या मासिकाकडे पाठवावे. आणि आराखड्यावर पेन्सिल टेकवण्यापूर्वी गावातल्या फडावर जाऊन आलेल्या बायकांना विचारावे की न्हाणीचे दार कोणत्या बाजूला हवे.