घाणेरी कोणी काढायची?



रानात जाताना अंगाला ओरबाडते ती घाणेरी. कुणी टणटणी म्हणतं. ती मूळची आपल्या रानातली नाही. 200 वर्षांपूर्वी इंग्रजांनी अमेरिका खंडातून बागेत शोभेला आणली. पाखरांनी फळं खाल्ली, बी रानभर गेलं. आता तिच्याखाली गवत होत नाही. गुरांनी पाला खाल्ला तर ती आजारी पडतात. मोह वेचायला जागा राहत नाही.

हे दुखणं जगभर आहे. डिसेंबर 2022 मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलला जगातले देश जमले. परक्या उपद्रवी जातींचा शिरकाव 2030 पर्यंत निम्म्यानं कमी करायचा, असं ठरलं. चांगलंच आहे. बी काही सरहद्द पाहून पडत नाही. देशांनी एकमेकांना मदत केलीच पाहिजे. गाजर गवत खाणारा भुंगा आपल्याकडं मेक्सिकोतूनच आणला.

पण अर्धीच गोष्ट सांगितली जाते. 1992 च्या जैवविविधता करारात आठवं कलम आहे. त्यातलं 'एच' म्हणतं, परक्या जातींना आवरा. त्याच कलमातलं 'जे' म्हणतं, स्थानिक लोकांच्या ज्ञानाचा मान राखा, ते वापरताना त्यांची संमती घ्या, त्यांना सोबत घ्या. भारत या करारात आहे. मग 'एच' लक्षात राहतं आणि 'जे' कसं विसरतं?

कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिगा आदिवासी सांगतात, आम्ही हलकी आग फिरवायचो तोवर घाणेरी आटोक्यात होती. आग बंद झाली, घाणेरी माजली. म्हणून उद्या रान जाळा, असं आम्ही म्हणत नाही. पण रानात राहणाऱ्याला आधी विचारा तरी!

वरवर तोडली तर घाणेरी पुन्हा फुटते. फळ धरायच्या आत, जमिनीखाली मुळाशी तोडावी लागते. मोकळ्या जागी आपलं गवत, आपली झाडं लावून दोन-तीन वर्षं राखण करावी लागते. ठेकेदार बिल घेऊन जातो. राखण गावच करणार.

वनहक्क कायदा 2006, कलम 5 प्रमाणे जंगल आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या :

1) घाणेरी काढायचं काम आमच्या सामूहिक वनाच्या आराखड्यात राहील.
2) ग्रामसभेच्या संमतीशिवाय कुणी यंत्र आणायचं नाही.
3) मजुरी गावाला मिळाली पाहिजे.
4) मोकळ्या जागेत काय लावायचं, ते गाव ठरवेल.

नाहीतर घाणेरी जाईल आणि तिच्या जागी कुंपण येईल. परकी घाणेरी आहे, आपण नाही.