करून पाहू या! : पणजोबांचा फोटो

दोस्तांनो, घरात पणजोबांचा एकच पिवळा पडलेला फोटो आहे? मग तो स्कॅन करून ठेवा. पण घाई नको हं!

१९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात उतरवला. त्या चित्रात ठिपके होते आडवे १७६, उभे १७६. म्हणजे एकूण ३०,९७६.

तुमचा फोटो २ इंच रुंद आणि ३ इंच उंच असेल, तर इंचाला १०० ठिपके, म्हणजे १०० डीपीआय ठेवून मिळतील ६०,०००. आणि ६०० डीपीआयला? करा बरं गुणाकार! १,२०० गुणिले १,८००, म्हणजे २१,६०,०००. ठिपके कमी घेतलेत, तर चित्र नंतर कितीही मोठं करा, पणजोबांच्या मिशा धूसरच दिसणार. जे टिपलंच नाही, ते येणार कुठून?

आधी स्कॅनरची काच मऊ, कोरड्या फडक्यानं पुसा. फोटो कडेनं धरा. अल्बमला चिकटला असेल तर मुळीच ओढू नका. फाटला तर दुसरा नाही! तो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून कॅमेऱ्यानं टिपा.

आणि हो, फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. तिथं कदाचित पणजोबांचं अक्षर असेल!