मंडळाची सहल आणि धंद्याची सहल

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस या गावाहून २२ मार्च १९९३ रोजी सकाळी प्लिमथच्या एका शाळेचे आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि एका साहस-केंद्राचे दोन प्रशिक्षक कयाक घेऊन समुद्रात उतरले. सुमारे दोन मैलांवरील चारमथला जेवणवेळेपर्यंत पोहोचावयाचे, एवढाच बेत होता. थोड्याच वेळात शिक्षकांची नाव उलटली आणि पुनःपुन्हा उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला. दुसऱ्याने मुलांना आपापल्या नावा एकमेकींना धरून ठेवावयास सांगितले. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने हा सारा जथा आत ओढून नेला. नावांच्या तोंडांवर पाणी अडविणारी आच्छादने नव्हती. जवळ बिनतारी संच नव्हता, संकटसूचक अग्निबाण नव्हते. केंद्राकडून तटरक्षकांना वर्दी गेली ती दुपार टळताना. चार मुले दगावली.

या दुर्घटनेला ‘दैवी’ म्हणण्याची सोय राहिली नाही. त्या केंद्रातील दोन प्रशिक्षकांनी आदल्याच वर्षी नोकरी सोडताना व्यवस्थापकाला पत्र लिहून सुरक्षिततेच्या हेळसांडीबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. १९९४ मध्ये व्यवस्थापकाला तुरुंगवास झाला आणि कंपनीही सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोषी ठरली. इंग्लंडमध्ये एखादी कंपनी अशी दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ. पाठोपाठ प्लिमथचे खासदार डेव्हिड जेमिसन यांनी मांडलेल्या खासगी विधेयकाचा १९९५ मध्ये कायदा झाला आणि अठरा वर्षांखालील मुलांना पैसे घेऊन असे साहस घडविणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला.

या कायद्यातील एका सवलतीकडे मात्र आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. आपल्याच सभासदांना पाण्यावर नेणाऱ्या स्वयंसेवी मंडळांना परवान्यातून वगळण्यात आले. चार मुलांच्या मृत्यूनंतर केलेल्या कायद्यात ही सूट का असावी, असा प्रश्न प्रथमदर्शनी कोणालाही पडेल. त्याचे उत्तर नावाड्यांच्या मंडळाची सहल कशी चालते, यात सापडते.

कयाक म्हणजे मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची, दोन पात्यांच्या वल्ह्याने हाकावयाची चिंचोळी नाव. तीत माणूस एकटा बसतो, पण शहाणा माणूस एकट्याने पाण्यावर जात नाही. तिघांहून कमी असू नये, असा तिकडील मंडळांत रुळलेला संकेत आहे. एकावर प्रसंग आला तर दुसऱ्याने त्याच्याजवळ राहावे आणि तिसऱ्याने मदत आणावी, हा त्यातील हिशेब. जथ्याच्या पुढे एक जाणता, अगदी मागे दुसरा, आणि अधल्यामधल्यांना नजरेआड होण्याची मुभा नाही. निघण्यापूर्वी नदीची पातळी पाहावयाची, वारा कोणत्या दिशेचा ते पाहावयाचे, वाटेत बंधारा असेल तर तो कोठे आणि त्याच्याआधी काठावर कोठे उतरावयाचे हे सर्वांना सांगावयाचे. यात गुप्त विद्या काहीच नाही. आणि पाणी वाढलेले दिसले, तर नावा पुन्हा गाडीवर बांधून सर्वांनी चहा पिऊन घरी जावयाचे.

हे घरी जाणे मंडळाला परवडते, याचे साधे कारण असे की तेथे कोणी कोणाचे पैसे घेतलेले नसतात. पुढच्या रविवारी तीच माणसे त्याच घाटावर पुन्हा भेटणार असतात. कोण कच्चा, कोण उतावळा, हे नेत्याला ठाऊक असते. धंद्याच्या सहलीतील नेत्याला समोरच्यांची नावेसुद्धा त्याच सकाळी कळतात आणि परतीचा रस्ता धरला की त्याच्या गल्ल्यात खड्डा पडतो.

मंडळे म्हणजे सद्गुणांची आगरे, असे मात्र कोणी समजू नये. मित्रांसमोर भित्रा ठरण्याच्या लाजेने नको त्या पाण्यात उतरणारे तेथेही असतात. शिवाय अपघात झाल्यास न्यायालयाचे दार मंडळालाही चुकत नाही; सूट आहे ती परवान्यापुरती, जबाबदारीतून नव्हे.

खरी फट दुसरीकडे राहिली. १९९५ च्या कायद्याने मुलांना संरक्षण दिले. पैसे मोजणाऱ्या प्रौढांना दिले नाही. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट येथे उभ्याने वल्हवावयाच्या फळ्या घेऊन एका कंपनीची सहल क्लेडाऊ नदीत उतरली. पावसाने नदी फुगलेली होती आणि वाटेत बंधारा होता. या बंधाऱ्याविषयी सहलीतील लोकांना पुरेसे सांगितलेले नव्हते. बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि सापडलेल्या माणसाला पुनःपुन्हा भिंतीकडेच ओढते. चौघे मृत्युमुखी पडले. त्यांत सहलीचा एक प्रशिक्षकही होता. कंपनीच्या मालकिणीला २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. अट्ठावीस वर्षांच्या अंतराने पुन्हा चार जीव गेले, आणि दोन्ही वेळा विक्रीस काढलेली वस्तू एकच होती: सोबतीने पाण्यावर जाण्याचा विश्वास.

आपल्याकडे हा विषय परका राहिलेला नाही. भिरा वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर कोलाडला कुंडलिकेत नावा सुटतात. मालवण-तारकर्लीपासून गोव्याच्या खाड्यांपर्यंत कयाक तासावर भाड्याने मिळते. आपल्या नद्यांवर तर कोल्हापुरी बंधाऱ्यांची रांगच आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरलेली नाव उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या, ही बातमी वाचताना सहलीची वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या छातीत धस्स झाले असेल.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि जमीन, जल व हवा या तिन्हींवरील उपक्रमांसाठी आयोजकांची नोंदणी आणली. पाऊल योग्यच आहे. परंतु त्यापूर्वी, २०१८ च्या शासननिर्णयावर गिर्यारोहण संस्थांनी ज्या हरकती घेतल्या होत्या, त्यांतील तक्रार विसरता कामा नये: स्वखर्चाने डोंगरात जाणारे मंडळ आणि नफ्यासाठी माणसे नेणारी कंपनी यांना एकाच तागडीत तोलल्यास कागद भरण्याचे त्राण नसलेले मंडळ बंद पडते आणि कंपनी कारकून नेमून मोकळी होते. ज्या मंडळांत जाणते प्रशिक्षक घडावयाचे, तीच अशाने आटतील.

तेव्हा शासनाने आपला सारा काच पैसे घेणाऱ्यांवर ठेवावा, आणि गिऱ्हाईक मूल आहे की प्रौढ, हा भेद इंग्लंडप्रमाणे करू नये. नोंदणीच्या अटींत आणखी एक कलम असावे. वारा किंवा पाणी पाहून प्रशिक्षकाने सहल रद्द केली, तर गिऱ्हाइकाचे पैसे पूर्ण परत मिळावेत आणि त्या प्रशिक्षकाची त्या दिवसाची मजुरी मालकाला कापता येऊ नये. मालक मंडळी या कलमाला विरोध करतील. त्यांनी तो उघडपणे, कारणांसह करावा, म्हणजे सहलीला मुले पाठविणाऱ्या पालकांनाही तो वाचावयास मिळेल.